तलवार कुठे गेली?

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतोय ना? बरं.

मागच्या महिन्यात याच सभागृहात जे झालं ते इथल्या बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. घरून ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपण इथं बुलढाण्यात दर महिन्याला एक सिनेमा लावतो आणि पुढच्या महिन्यात त्यावर बोलतो. या खेपेला लावला होता हाँगकाँगच्या वाँग कार-वायचा 'ॲशेस ऑफ टाइम', म्हणजे काळाची राख. चित्रपट १९९४ सालचा, आपण दाखवली ती २००८ सालची दुरुस्त केलेली प्रत. जाहिरातीच्या कागदावर मीच लिहिलं होतं, 'चिनी तलवारबाजीचा जगप्रसिद्ध चित्रपट'. त्यामुळे गर्दी चांगली झाली. साठ-पासष्ट माणसं असतील. चहाला थांबलो तेव्हा चाळीस उरली, आणि शेवटी दिवे लागले तेव्हा मी मोजली, तेवीस.

नंतर जे बोलणं झालं त्याला चर्चा म्हणणं धाडसाचं आहे. एक शिक्षिका म्हणाल्या, सर, ही कविता आहे, गोष्ट कशाला शोधायची. त्यांच्या शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, कविता कसली, मोबाइलला लावायचे वॉलपेपर आहेत एकामागून एक. कुणी म्हणालं, वर्गणी आम्ही देतो तर आम्हाला कळेल असं दाखवा. आणि एका गृहस्थांनी सरळ सुचवलं की असले सिनेमे बंदच करा. त्याचा निर्णय आज व्याख्यानानंतर घ्यायचा आहे, हे विसरू नका, कुणी पळू नका.

पण मला झोप लागू दिली नाही ती या बोलण्यानं नाही. आपल्याकडे एक वस्ताद येतात. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. वय माझ्याच आसपास, पंचाहत्तरच्या पुढे. आयुष्यभर लाठी-काठी आणि दांडपट्टा शिकवला. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला त्यांची पोरं पट्टा फिरवायची तेव्हा लोक वाट सोडून मागं सरकायचे. ते मुद्दाम तलवारबाजी पाहायला आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. ऐन लढाईच्या प्रसंगात उठले. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "सर, तुम्ही तं मले तलवार दाखवतो म्हटलं होतं. तलवार कुठी गेली?" आणि गेले. मी हसून मान हलवली. 'यांना नाही कळायचं' अशी ती मान होती. ती मान का हलवली, हाच आजचा विषय आहे म्हणा ना.

आता इतिहासाकडे येऊ. कारण बुलढाण्यात जे भांडण झालं ते हाँगकाँगमध्ये तीस वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि तिथले प्रेक्षक चिनी होते. म्हणजे 'परकी संस्कृती, म्हणून कळलं नाही' हे आपलं नेहमीचं उत्तर इथं चालत नाही.

चीनमध्ये 'वूशिया' नावाचा एक वाङ्मयप्रकार आहे. तलवार चालवणारे, कुणाचे नोकर नसलेले, शब्दाला जागणारे भटके वीर. विसाव्या शतकात हा प्रकार घरोघरी नेला तो जिन योंग या लेखकानं. १९५७ ते १९५९ या काळात त्याची एक प्रचंड कादंबरी हाँगकाँगच्या वर्तमानपत्रात रोज थोडी थोडी छापून येत होती. इंग्रजीत तिला 'द लेजंड ऑफ द काँडर हीरोज' म्हणतात. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड जसे एका पिढीच्या उशाखाली असायचे, तसं, आणि त्याहून कितीतरी पटीनं मोठ्या प्रमाणावर. या कादंबरीत दोन म्हातारे महारथी आहेत. एक पूर्वेचा पाखंडी, एक पश्चिमेचा विषारी. चित्रपटाचं मूळ चिनी नाव याच दोघांवरून आहे. वाँग कार-वायनं काय केलं? कादंबरीचं कथानक घेतलं नाही. हे दोघे तरुण असताना कसे असतील, एवढंच मनाशी योजलं आणि त्यांना वाळवंटात नेऊन बसवलं.

आता तुम्ही कल्पना करा. 'झुंजार' नावाचा सिनेमा लागलाय, तुम्ही तिकीट काढून आत गेलात, आणि झुंजार लोणारच्या सरोवराच्या काठावर बसून दीड तास एका बाईची आठवण काढतोय. खुर्च्या शाबूत राहतील?

तिथं खुर्च्या मोडल्या असं मी वाचलेलं नाही, पण चित्रपट पडला. लेस्ली चेउंग, ब्रिजिट लिन, मॅगी चेउंग, दोघे टोनी लेउंग, जॅकी चेउंग, म्हणजे त्या काळचे सगळे मोठे तारे एका चित्रपटात असूनही हाँगकाँगमध्ये त्यानं मिळवले सुमारे ९० लाख हाँगकाँग डॉलर. एवढ्या ताऱ्यांच्या, एवढ्या लांबलेल्या चित्रपटाला ही रक्कम म्हणजे काहीच नाही. चित्रीकरण इतकं रेंगाळलं होतं की खर्च भरून काढायला त्याच नटांना घेऊन, त्याच कादंबरीतल्या पात्रांवर एक धमाल विनोदी चित्रपट आधीच, १९९३ साली, उरकून टाकला. तो नववर्षाच्या सणाला लागला आणि लोक पोट धरून हसले. पुढे संकलन करता करता दिग्दर्शक इतका थकला की त्यानं मधे सुट्टी घेतली, आणि त्या सुट्टीत 'चुंगकिंग एक्स्प्रेस' हा आणखी एक चित्रपट करून टाकला, जो पुढे जगभर गाजला. काही माणसांची विश्रांतीसुद्धा आपल्याला दमवणारी असते.

आणि त्याच १९९४ साली व्हेनिसच्या महोत्सवात याच पडलेल्या चित्रपटाच्या छायाचित्रणाला पारितोषिक मिळालं. छायाचित्रकार ख्रिस्तोफर डॉईल. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन तट आहेत. एकाला वाळूचा पिवळा रंग दिसतो, पाण्यावरचा हलता उजेड भिंतीवर पडलेला दिसतो, पक्ष्याच्या पिंजऱ्याची सावली बाईच्या चेहऱ्यावर फिरताना दिसते. दुसऱ्याला दिसतं की कोण कुणाचा कोण हेच कळत नाहीये.

गोष्ट आहे का त्यात? आहे हो. ज्यांनी मधेच घर गाठलं त्यांच्यासाठी सांगतो. एक माणूस वाळवंटाच्या कडेला राहतो आणि मारेकऱ्यांची दलाली करतो. कुणाला कुणाचा काटा काढायचा असेल तर हा माणूस पुरवणार. त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती त्याच्या मोठ्या भावाची बायको झाली, कारण यानं जो शब्द बोलायला हवा होता तो कधी बोलला नाही. दरवर्षी एक मित्र भेटायला येतो. एका वर्षी तो दारूची सुरई आणतो, जी प्यायली की माणूस सगळं विसरतो म्हणे. मग एकेक जण येतो. अंड्यांची टोपली आणि खेचर एवढीच मजुरी देऊ शकणारी एक मुलगी. एका अंड्यासाठी लढून बोट गमावणारा एक अनवाणी लढवय्या. आणि एक तलवारबाज, ज्याची दृष्टी हळूहळू जातेय. त्याला पूर्ण अंधत्व येण्याआधी गावी जाऊन पीचची फुलं पाहायची आहेत. वाटखर्चाला पैसे नाहीत म्हणून तो घोडेचोरांच्या टोळीशी लढायचं काम घेतो.

वस्ताद उठले ते या लढाईत.

त्या लढाईत तलवार खरोखरच दिसत नाही. सेकंदाला चोवीस चित्रं घ्यायची रीत. इथं कमी घेतली आणि प्रत काढताना एकेक चित्र दोनदा-तीनदा छापलं. त्यामुळे हालचाल अडखळते आणि फराटे उमटतात. कापडाचा, धुळीचा, उन्हाचा एक पट्टा सरकतो, माणूस पडतो. आता यातली गंमत बघा. या मारामाऱ्या बसवल्या होत्या सामो हुंगनं. सामो हुंग म्हणजे लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या कडक शिस्तीत वाढलेला, अंगात खरी विद्या असलेला माणूस. म्हणजे आधी खऱ्या जाणकाराकडून लढाई बसवून घेतली आणि मग ती पुसली. रांगोळी काढून तिच्यावरून हात फिरवावा तसं. ज्याला रांगोळी काढता येते त्याला हे पाहताना काय वाटेल? वस्तादांना तेच वाटलं असणार. मला वाटलं नाही, कारण मला रांगोळी काढता येत नाही. मी फक्त पुसलेल्या रंगाकडे पाहत होतो.

या धाटणीची सुरुवात वाँग कार-वायनं केली असं मात्र नाही. किंग हू नावाचा एक थोर दिग्दर्शक होऊन गेला. त्याचा 'अ टच ऑफ झेन' तैवानमध्ये १९७०-७१ साली दोन भागांत लागला आणि पडला. तीन तासांचा चित्रपट, आणि पहिला तासभर लढाईच नाही! ओसाड किल्ला, कोळ्याची जाळी, वाऱ्यानं हलणारं गवत. मग बांबूच्या बनातली ती प्रसिद्ध लढाई. १९७५ साली कानच्या महोत्सवात त्याला तांत्रिक गुणवत्तेचं मोठं पारितोषिक मिळालं आणि मग घरच्या लोकांनी वळून पाहिलं. २००० साली 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'च्या वेळी तर उलटीच तऱ्हा. अमेरिकेत चार ऑस्कर, तुफान गर्दी, आणि कितीतरी चिनी प्रेक्षक म्हणत होते की नटांचे उच्चार धड नाहीत आणि तलवारबाजी तर आम्ही लहानपणापासून याहून भारी पाहतोय. २०१५ साली होऊ शियाव-शियेनला 'द असॅसिन'साठी कानमध्ये सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळालं. त्यात तर नायिका मारेकरी आहे आणि बहुतेक वेळ पडद्याआड उभी राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकते. कर्नाटकात गिरीश कार्नाडांनी १९७८ साली 'ओंदानोंदु कालदल्ली' केला, शंकर नागचा पहिला चित्रपट, कुरोसावाच्या वाटेनं जाणारा, संगीत आपल्या भास्कर चंदावरकरांचं. पण कार्नाडांनी तलवार झाकली नाही. तो चित्रपट वस्तादांना नक्की आवडेल. लिहून ठेवा कुणीतरी, पुढच्या खेपेला.

आता आपल्या मराठी मुलखात या. लढाईचं दृश्य आणि प्रेक्षकांचं दुभंगणं हे आपल्याकडे किती जुनं आहे? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. कलामहर्षी म्हणतो आपण त्यांना. चित्रकार, शिल्पकार, स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवणारा माणूस. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. मूकपट. त्यात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की लोक हादरले, आणि पुढे तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी याच सुमारास पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. एक लक्षात घ्या, त्या प्रेक्षकाच्या मनात कीचक म्हणजे नुसता महाभारतातला कीचक नव्हता. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं होतं, त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पोरासोरांना कळत होतं, आणि १९१० साली सरकारनं ते बंद केलं होतं. तेव्हा पडद्यावर भीमानं कीचकाची मान मुरगळली की अंधारात बसलेल्या माणसाला काय काय दिसत असेल! मारामारी ही आपल्याकडे नुसती मारामारी कधीच नव्हती.

याच पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' केला. कथा नारायण हरी आपट्यांची, तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. राजे नाहीत, देव नाहीत, गदा नाही, तलवार नाही. कर्जापायी जमीन जाते आणि माणूस शहरात गिरणीत जातो. पुढे अभ्यासकांनी या चित्रपटाला डोक्यावर घेतलं. पण त्या वेळी 'सैरंध्री' आणि 'सिंहगड' पाहायला लोटणारी गर्दी याच्याकडे वळली नाही. पुढे जे. बी. एच. वाडियांसारख्या मुरलेल्या चित्रपटवाल्याच्या आठवणीत त्यातलं काय राहिलं? एक अंधारं खोपट आणि विव्हळणारं कुत्रं. चित्र राहिलं. म्हणजे तोच दिग्दर्शक, तोच चित्रकाराचा डोळा, आणि पाच वर्षांत तोच प्रेक्षक पाठ फिरवतो. का? शेतकऱ्यांना सावकार कळत नव्हता म्हणून? आपल्या बुलढाण्यात तरी हे कुणी म्हणू नये. फार चांगला कळत होता. रोज भोगायचं तेच पुन्हा पैसे देऊन पाहायचं, हे नको होतं.

इथं मला माझ्या मूळ धंद्याकडे, तत्त्वज्ञानाकडे वळावं लागेल. घाबरू नका, चहाच्या आत आटोपतो.

आमच्या पिढीला सौंदर्यशास्त्राची गोडी लावली ती मर्ढेकरांनी. त्यांचं 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५चं. कलाकृतीत महत्त्वाची काय तर लय. संवादाची, विरोधाची, समतोलाची. गोष्ट, बोध, उपयोग हे सगळं बाजूला. मी एम.ए.ला असताना या पुस्तकानं इतका झपाटलो होतो की मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची कवितासुद्धा लयीचे तक्ते काढून वाचायचो. त्यातला अर्थ काय, विरह काय, रान काय, काही नाही, नुसती लय! मर्ढेकरांच्या मापानं 'ॲशेस ऑफ टाइम' शंभर नंबरी आहे. पिवळा, मग निळा, मग पुन्हा पिवळा, स्थिर चेहरा आणि लगेच फराटा, विरोध आणि समतोल. पुढे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'मध्ये, १९७४ साली, हे सगळं तपासून दाखवलं की कलेचा एक ध्रुव असा स्वायत्त असतो आणि दुसरा लौकिक, जगण्याशी बांधलेला, आणि दोन्ही खरे. मला ते पटलं. परीक्षेत लिहिण्यापुरतं पटलं, असं आता म्हणतो.

कारण ऐका. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तिथं आम्ही सोळा मिलिमीटरचं यंत्र आणून एक परदेशी चित्रपट दाखवला. फार संथ. पोरं हसायला लागली, शिट्ट्या झाल्या. मी यंत्र थांबवलं, दिवे लावले आणि वर्गाला झाप झाप झापलं. तुमची लायकी नाही म्हणालो. एक मुलगा उठला. शेतकऱ्याचा मुलगा, तर्कशास्त्रात सगळ्यांत पुढे. तो म्हणाला, "सर, मी हसलो नव्हतो. मले कंटाळा आला एवढंच खरं." आणि बाहेर गेला. मी त्याला थांबवलं नाही. त्यानं पुढच्या वर्षी विषय बदलला. आज तो कुठं आहे मला माहीत नाही. मी स्वतःला त्या वेळी सहृदय समजत होतो, आणि त्याला अरसिक.

'सहृदय' हा शब्द काश्मीरच्या अभिनवगुप्ताचा म्हणून आपण मिरवतो. हजार वर्षांपूर्वीचा माणूस. आपल्या विदर्भातल्यांना तो मराठीत भेटला ग. त्र्यं. देशपांड्यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्रा'तून, १९५८ साली. पण अभिनवगुप्ताचं जे आपण सोयीस्करपणे वाचत नाही ते म्हणजे रसविघ्नांचं प्रकरण. नाटक बघताना रस का येत नाही, याची त्यानं सात कारणं दिली आहेत. आणि गंमत म्हणजे, 'प्रेक्षक अडाणी आहे' असं म्हणून तो हात झटकत नाही. बरीचशी विघ्नं दूर करण्याची जबाबदारी तो नाटकावरच टाकतो.

पहिलंच विघ्न घ्या. जे दिसतंय ते शक्यच वाटत नाही. मग मन बसणार कुठं? त्यावर उपाय काय, तर प्रसिद्ध पात्रं घ्या. समुद्र ओलांडण्यासारखी अचाट गोष्ट रामाच्या कथेत असली की लोक मानतात, कारण रामावर त्यांचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला असतो. आता हे हाँगकाँगला लावा. वाँग कार-वायनं प्रसिद्ध पात्रंच घेतली होती! पण त्यांची जी प्रसिद्धी होती तीच काढून टाकली. औषधाचंच विघ्न झालं. हाँगकाँगचा प्रेक्षक कादंबरी माहीत असल्यामुळे चिडला, आणि आपण इथं, कादंबरी माहीत नसल्यामुळे, कोण कोण आहे हे न कळून गोंधळलो. एकच चित्रपट, दोन उलट कारणांनी दोन गावांत अडला.

आणखी एक विघ्न, स्फुटपणा नसणं. नीट, उघड दिसत नाही. वस्तादांची तक्रार शब्दशः हीच आहे, "तलवार कुठी गेली?" त्यांनी अभिनवगुप्त वाचलेला नाही, पण शास्त्रात बसणारा आक्षेप त्यांनी एका वाक्यात घेतला. आणि मी, ज्यानं त्यावर प्रबंध लिहिला, त्यानं मान हलवली.

आता तिसरं विघ्न. हे सांगायला मला थोडा त्रास होतोय, पण सांगतो. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. नाटक समोर चाललंय आणि हा आपल्याच घरातलं काहीतरी पाहतोय. अभिनवगुप्ताच्या लेखी हा रसिक नव्हे. अशा माणसाला स्वतःबाहेर काढायला तर रंगभूमीवर गाणं, वाद्यं, सजवलेला मंडप असतो, असं तो म्हणतो. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला २००९-१० च्या सुमारास, मुलानं आणून दिलेल्या तबकडीवर. घरी दोघं बसून पाहिला. मला तेव्हा तो उत्तम, पण थंड वाटला. रचना छान, वगैरे. माझी पत्नी मधेच उठून स्वयंपाकघरात गेली, जाता जाता म्हणाली, "ती बाई खिडकीत किती वेळ बसते हो, कुणी बोलवत कसं नाही तिला?" मी म्हटलं, तू बघ तरी पुढं. ती आली नाही परत. ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात इथं तोच प्रसंग आला. मॅगी चेउंग खिडकीपाशी बसलीय, तरुणपणी आपण जिंकलो असं वाटलं आणि प्रत्यक्षात काय हरलो ते सांगतेय, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. नंतर एक जण दुसऱ्याला म्हणाला ते मी ऐकलं, "सरांना कळलाय बरं का सिनेमा."

नाही हो. सरांना सिनेमा नव्हता कळत त्या वेळी. सर स्वयंपाकघराकडे बघत होते. शास्त्राच्या हिशेबानं त्या संध्याकाळी चित्रपट नीट पाहणारा माणूस होता तो पहिल्या रांगेतला. तो पडद्याकडे बघत होता, पडद्यावर जे नव्हतं ते नाही म्हणाला, आणि निघून गेला.

यावर शिक्षिका बाईंचा प्रश्न मला माहीत आहे, विचारू नका, मीच विचारतो. मग वॉलपेपर म्हणणाराही बरोबर? सगळेच बरोबर? ह्यूमनं १७५७ साली आवडीनिवडीच्या मापावर एक निबंध लिहिला, त्यात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट आहे. दोघांना दारूची चव घ्यायला सांगतात. एक म्हणतो चांगली आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणतो चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी सापडते चामड्याच्या वादीला बांधलेली एक जुनी किल्ली. ह्यूमचा मुद्दा असा की जीभ तयार असावी लागते. पण मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. पिंप रिकामं होईपर्यंत दोघेही तिथं थांबले होते. आपल्या इंजिनिअर मित्राला मी म्हणेन, वॉलपेपर हा आक्षेप मोठा आहे, मर्ढेकरांवर घेतला गेला त्याच जातीचा आहे. पण तो पूर्ण चित्रपटावर घे. तू चहाला गेलास तो आलाच नाहीस, मी पाहिलंय.

हां, एक राहिलं. आपण पाहिली ती प्रत २००८ची का, असं कुणीतरी विचारलं होतं. मूळ निगेटिव्हचे हाल झाले होते, तुकडे इकडेतिकडे, प्रती खराब. दिग्दर्शकानं परदेशातल्या चिनी वस्त्यांमधल्या वितरकांकडूनही जुन्या प्रती गोळा केल्या, चित्रपट थोडा कापला, रंग बदलले, संगीत नव्यानं बांधलं, त्यात यो-यो मा चा चेलो आला. तोवर दलालाचं काम करणारा लेस्ली चेउंग जाऊन पाच वर्षं झाली होती. चौदा वर्षांनी दिग्दर्शकालाच वाटलं की पहिल्यांदा सगळं स्फुट झालं नव्हतं. कानमध्ये दाखवला. लोक पुन्हा दुभंगले! जुन्या प्रतीवर जीव असलेले म्हणाले, रंग फार पिवळे केले. आपल्याकडच्या एका शेतकरी मित्राला मात्र तो पिवळा रंग अगदी ओळखीचा वाटला. म्हणाला, एप्रिलमधल्या गहू काढलेल्या वावरासारखा आहे.

वस्तादांकडे मी परवा गेलो होतो. माफी मागायला असं म्हणायला हरकत नाही, पण तोंडानं तसं काही निघालं नाही. चहा झाला. त्यांनी भिंतीवरचा फोटो दाखवला, तरुणपणी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिबिराला गेले होते तेव्हाचा. ते मंडळ १९१४ सालचं. १९३६ साली तिथले लोक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले, हे त्यांनी मला अभिमानानं सांगितलं, मला ठाऊक असूनही मी ऐकलं. मग मी विचारलं, त्या लढाईत तुम्हाला नेमकं काय खटकलं? ते उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि खोलीत जेवढी जागा होती तेवढ्यात फिरवून दाखवली. म्हणाले, पट्टा जोरात फिरला की दिसत नाही हे खरं. शिकाऊ माणसाला तो दिसतो, तयार माणसाचा दिसत नाही. पण पाय दिसतात. "त्या पिच्चरवाल्यानं पाय नाही दाखवले, सर. पायावर तं सारी लढाई असते."

मी घरी येऊन तो प्रसंग पुन्हा लावला. पाय नाहीत. खरंच नाहीत. इतक्या वेळा पाहून, त्यावर बोलून, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, "मंग त्या आंधळ्याचं काय झालं? गेला का गावाले?" मी सांगितलं, नाही, मेला, त्याच लढाईत. पुढे तो दलाल त्याच्या गावी जातो. पाहतो तर तिथं पीचचं एकही झाड नाही. पीचची फुलं हे त्याच्या बायकोचं नाव होतं.

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "अन्‌ हे तुम्ही मले तवाच सांगून थांबवलं काऊन नाही?"

तर आता ठरावाचं बोलू. माझी सूचना एवढीच आहे की निर्णयाआधी तो चित्रपट चहानंतरच्या भागापासून पुन्हा एकदा लावावा, जे गेले होते त्यांच्यासाठी. पाऊण तासाचं काम आहे. वस्ताद येतो म्हणालेत, मात्र पहिल्या रांगेत मान दुखते म्हणून त्यांना मधली खुर्ची ठेवा. आणि जाहिरातीच्या कागदावर 'तलवारबाजी' हा शब्द या खेपेला लिहू नका. तो कागद मी लिहिणार नाहीये, शिक्षिका बाई लिहितील. चला, पाच मिनिटं पाय मोकळे करा.